चित्रांची बांधणी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारें प्रत्येक चित्र म्हणजे वस्तुतः आंकड्यांची एक लांबलचक माळ होय. ती आहे तशी संकेतस्थळावर ठेविली, तर वाचकापर्यंत पोहोंचण्यास फार वेळ लागतो. म्हणून ती आवळून बांधावी लागते. या बांधणीलाच फॉरमॅट म्हणतात. कोणत्या चित्रास कोणती बांधणी योग्य, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या इतिहासांत मालकीहक्काचा एक मोठा वाद दडलेला आहे.

१९८७ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीनें 'गिफ' ही बांधणी प्रचारांत आणिली. एका चित्रांत अधिकांत अधिक २५६ रंग, ही तिची मर्यादा. पण पुनःपुन्हां येणारी रंगांची ओळ पुढें केवळ एका क्रमांकानें दर्शविण्याची तिची युक्ति नामी होती. नकाशे, आकृति व अक्षरें तींत थोडक्या जागेंत मावत.

छायाचित्रांची गोष्ट निराळी. तेथें छटा हजारों असतात. त्यांच्यासाठीं तज्ज्ञांच्या एका संयुक्त मंडळानें १९९२ सालीं 'जेपेग' सिद्ध केली. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्यास सहसा न जाणवणारा बारकावा ती टाकून देते. या गणिताचा पाया नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांच्या १९७४ सालच्या निबंधांत आहे. मात्र टाकलेला बारकावा परत मिळत नाहीं, आणि अक्षरांच्या कडांभोंवतीं डाग उमटतात.

१९९३ सालीं मोझेक ब्राउझरानें मजकुरांतच चित्रें दाखविण्यास आरंभ केला आणि गिफचा प्रसार झपाट्यानें वाढला. परंतु तिची ती युक्ति मोकळी नव्हती. टेरी वेल्च यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या पद्धतीचें पेटंट युनिसिस कंपनीकडे होतें. १९९४ च्या डिसेंबरांत, गिफ हाताळणारे प्रोग्राम विकणाऱ्यांस शुल्क द्यावें लागेल, असें जाहीर झालें. सात वर्षें सर्वांनीं सार्वजनिक समजून वापरलेली वाट एकाएकीं खाजगी निघाली!

संगणकतज्ज्ञांनीं केवळ निषेध करून समाधान मानिलें नाहीं. १९९५ च्या जानेवारींत टॉमस बूटेल यांनीं नव्या बांधणीचा मसुदा मांडला. पत्रव्यवहारानें अनेकांनीं तो सुधारला. आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजीं 'पीएनजी'स वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. दीड कोटीहून अधिक रंग, पारदर्शकता, कशाचीही हानि नाहीं, आणि वापरास कोणाची परवानगी नको! हलतीं चित्रें मात्र तींत नव्हतीं. म्हणून गिफ टिकून राहिली. तें पेटंट अमेरिकेंत २००३ च्या जूनमध्यें संपलें.

पुढें २०१० सालीं वेबपी व २०१९ सालीं एव्हीआयएफ या अधिक आटोपशीर बांधण्या आल्या. तथापि मूळ विवेक तोच आहे. छायाचित्रांत थोडी हानि खपते. अक्षरांत व आकृतींत ती खपत नाहीं. आणि बांधणी निवडतांना तिची किल्ली कोणाच्या हातीं आहे, हेंही आधींच पाहून ठेवावें.