धनुष्याची दोरी

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. चौथ्या शतकांतील राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं येथें सांपडला, आणि विस्मृतींत गेलेली ही शाखा इतिहासांत पुन्हा उभी राहिली. तांब्याचे पत्रे सोळा शतकें टिकले. त्या काळच्या योद्ध्यांचीं लांकडी धनुष्यें व त्यांच्या दोऱ्या मात्र केव्हांच मातीस मिळाल्या. तथापि दोरी गेली म्हणून दोरीची विद्या गेली, असें नाहीं. तिचे अवशेष दोन ठिकाणीं आढळतात : जुन्या ग्रंथांत आणि शेताच्या बांधावर.

कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत शस्त्रागाराच्या अध्यक्षाचें जें प्रकरण आहे, त्यांत ताडाचें, बांबूचें, लांकडाचें व शिंगाचें असे धनुष्याचे चार प्रकार सांगितले असून लगेच दोरीचीं सहा द्रव्यें दिलीं आहेत : मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायु. अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग, वेणु म्हणजे बांबू, आणि गवेधु हें एक तृण. सहांपैकीं पांच द्रव्यें वनस्पतींचीं आहेत. त्यांतली रुई वऱ्हाडांत कोणत्याही पडीक जमिनीवर आपोआप उगवते, आणि तागाची दोरी वळणें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. राजाच्या शस्त्रागाराची ही यादी वाशीमच्या कुणब्यास सहज वाचून दाखवितां आली असती.

यादींत पहिला मान मूर्वेचा. तिच्यावरूनच दोरीस ‘मौर्वी’ हें नांव पडलें, आणि मनुस्मृतींत क्षत्रिय बटूची मेखलाही मूर्वेच्या दोरीचीच सांगितली आहे. परंतु ही मूर्वा कोणती ? महाराष्ट्रांत मोरवेलीस मूर्वा मानतात; बंगालमध्यें तेंच नांव खड्गासारख्या जाड पानांच्या एका निराळ्याच वनस्पतीस आहे. नांव उरलें, झाड मात्र संशयांत पडलें.

लांकडी धनुष्यास वनस्पतीचा तंतु कां मानवतो, हेंही समजून घेण्यासारखें आहे. धामणीचें लांकूड चिवट व लवचिक. तिचें संस्कृत नांव ‘धन्वन’ हेंच धनुष्याशीं तिचें नातें सांगतें. अशा धनुष्यास ताणली न जाणारी दोरी हवी. दोरी स्वतःच ताणली गेली, तर धनुष्याचा जोर बाणास पोंचण्यापूर्वींच खर्च होतो. तागासारखा तंतु फारच थोडा ताणतो. स्नायूची दोरी बळकट खरी, पण ती ओल धरून सैल पडते. पावसाळ्यांत तिचा भरंवसा नाहीं.

आतां बळाचा प्रश्न. बाण सुटतांच धनुष्याचीं दोन्हीं टोकें वेगानें पुढें येतात आणि दोरी त्यांस एकदम थोपविते. तो हिसका ओढीच्या जोराहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून ओढीच्या चौपट वजन सहन करील अशी दोरी असावी, असा धनुष्य घडविणाऱ्यांचा ठोकताळा आहे. चाळीस रत्तल ओढीच्या धनुष्यास एकशें साठ रत्तलांची दोरी. एक धागा दहा रत्तलांस तुटत असेल, तर सोळा धागे, आणि पिळामुळें व गांठीमुळें होणारी घट भरून काढण्यास आणखी दोन-तीन. दोरी कमकुवत असली तर ती तुटते, आणि तिच्याबरोबर धनुष्यही फुटण्याचा संभव असतो. फाजील जाड केली तर दोरीचेंच ओझें हलविण्यांत जोर जातो, आणि बाण मंदावतो. वळलेल्या दोरीस मेण चोळावें, म्हणजे धागे एकजीव राहतात व ओलीपासूनही बचाव होतो.

आज हातानें धनुष्य करणारा हौशी मनुष्य बाजारांतून पॉलिएस्टरचा धागा आणतो. तो बळकट आहे, पावसास भीत नाहीं, आणि त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण त्याबरोबर एक ओळख पुसली जात आहे. अमरकोशांत दोरीस मौर्वी, ज्या, शिंजिनी आणि गुण अशीं चार नांवें आहेत. शब्द कोशांत सुरक्षित आहेत. झाडें बांधावर उभीं आहेत. रुईची साल सोलून तंतु काढणारा हात मात्र उरला नाहीं, तर मूर्वेप्रमाणें रुईचीही ओळख पुढें केवळ विद्वानांच्या वादाचा विषय होईल.