उरले २४ तास: फायनल इयरच्या गेमची शेवटची रात्र

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी गेम करणाऱ्या टीम ज्या कारणांनी ऐनवेळी अडकतात, ती इथे एका काल्पनिक टीमच्या एका रात्रीत मांडली आहेत. टीम चौघांची, इंजिन युनिटी आणि खेळ हिरकणीचा. रायगडाचे दरवाजे बंद झालेत, घरी तान्हं बाळ आहे, अंधारात कडा उतरायचा आहे.

सकाळी ११ (उरले २४ तास)
लॅपटॉपवर, युनिटीच्या एडिटरमध्ये, प्ले दाबलं की हिरकणी व्यवस्थित उतरते. उद्या याच वेळी बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, गेम बघणार आहेत, पण सगळे निर्धास्त आहेत. फोनवर चालणारी बिल्ड मात्र वर्षभरात एकदाही काढलेली नाही.

दुपारी ३ (उरले २० तास)
'पाऊस आणि विजा टाकल्या तर एक्स्टर्नल खूश होतील,' असं ठरतं. एक जण पावसाच्या मागे लागतो. दुसरी त्याच वेळी कड्यावरच्या खोबणी सरकवते आहे. दोघांनी एकच सीन उघडलाय, हे कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

रात्री ८ (उरले १५ तास)
गिटवर मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो. सीनची फाइल म्हणजे हजारो ओळींचा मजकूर, त्यात प्रत्येक वस्तूला लांबलचक आकडा. कुठली ओळ कोणाची, ते नजरेनं कळत नाही. घाईत एकाची अख्खी फाइल ठेवली जाते आणि दुसरीची जाते. पाऊस राहतो, सरकवलेल्या खोबणींचे कोलायडर, म्हणजे पाय टेकू देणारे अदृश्य आकार, जातात. हिरकणी पहिला पाय टाकते आणि खडकातून आरपार खाली पडते.

रात्री १०:३० (उरले साडेबारा तास)
खोबणी गिटमधल्या जुन्या आवृत्तीतून परत मिळतात. चित्रं मात्र गिटवर कधी टाकलीच नव्हती, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती आणि आता तिथूनच पुन्हा घ्यावी लागतात. फोटो म्हणून पाठवल्यामुळे पीएनजीच्या जेपीजी झाल्या आणि पारदर्शकता गेली. आता हिरकणीभोवती चौकोन दिसतो. मूळ फाइल चित्रं काढणाऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहेत.

रात्री १ (उरले १० तास)
पहिल्यांदाच अँड्रॉइड बिल्ड लावली जाते. प्लॅटफॉर्म बदलताच युनिटी एकेक चित्र नव्यानं इम्पोर्ट करू लागतं. वाट बघण्यावाचून इलाज नाही.

पहाटे ३ (उरले ८ तास)
बिल्ड फेल. एका स्क्रिप्टमध्ये 'युनिटीएडिटर' वापरलंय. हा कोड फक्त एडिटरमध्ये चालतो, तयार गेममध्ये तो नसतोच. स्क्रिप्ट लिहिणारा घरी जाऊन झोपलाय आणि ती बाकी कोणी कधी वाचलेली नाही.

पहाटे ५:३० (उरले साडेपाच तास)
अखेर एपीके तयार होते. मेन्यू दिसतो. 'सुरू करा' दाबलं की पाऊस पडतो, विजा चमकतात, पण कडाच नाही. कड्याच्या मापांची फाइल लॅपटॉपवर सरळ वाचता येत होती. फोनवर ती एपीकेच्या आत बंद असते आणि वेगळ्या पद्धतीनं मागवावी लागते. कारण सापडेपर्यंत उजाडतं.

सकाळी ११
एक्स्टर्नल फोन हातात घेतात. दुरुस्त केलेली बिल्ड अजून लॅपटॉपवर तयार होतेच आहे. पहाटेची एपीके उघडली जाते. वर्षभराची मेहनत परीक्षकांना दिसतच नाही.

यातल्या बहुतेक अडचणी त्या रात्री जन्मल्या नव्हत्या. पहिल्या महिन्यात फोनवर एक बिल्ड टाकली असती, तर कड्याच्या फाइलचा घोळ तेव्हाच कळला असता आणि एका दुपारीत सुटला असता.

याउलट अमेरिकेतल्या डिजिपेन इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा गेम केला. त्यातल्या राजकन्येला उडीसुद्धा मारता येत नाही. सगळा खेळ एकमेकांना जोडलेल्या दोन दारांच्या कल्पनेवर उभा आहे. व्हॉल्व्ह कंपनीनं ती टीमच कामावर घेतली आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवरचा 'पोर्टल' हा गेम आला. एकच कल्पना धरून ती नीट चालवून दाखवली, तर विद्यार्थ्यांचा गेम किती लांब जातो, ते इथे दिसतं.

म्हणून यंदा गेम करणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे. पहिल्याच आठवड्यात नुसता एक ठोकळा हलवणारी बिल्ड फोनवर टाका आणि पुढे दर आठवड्याला टाकत राहा. एका वेळी एका सीनवर एकानंच काम करा. चित्रं, आवाज, कोड, सगळं गिटवर ठेवा. शेवटच्या पंधरवड्यात नवीन काही घालू नका, आहे ते पक्कं करा. तुमची कल्पना कितीही सुंदर असली, तरी मार्क हातातल्या फोनवर जे चालतं त्यालाच मिळतात.