भुईमूग : एका संकराचे वंशज

१/ १९८७ साली पेरू देशात सिपान येथे मोचे संस्कृतीतील एका अधिपतीची कबर उजेडात आली. तिच्यातील अलंकारांत सोन्या-चांदीच्या शेंगांचा एक कंठा होता. त्या शेंगा भुईमुगाच्या होत्या.

२/ या पिकाचा जन्म मात्र त्या कबरीच्या कितीतरी आधीचा. वन्य भुईमुगाच्या बहुतेक जातींत २० गुणसूत्रे असतात. शेतातल्या भुईमुगात ४०. ॲराकिस ड्युरानेन्सिस आणि ॲराकिस इपाएन्सिस या दोन वन्य जातींचा संकर झाला, गुणसूत्रे दुप्पट झाली आणि हे पीक जन्मले.

३/ ही घटना सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची, दक्षिण अमेरिकेतील. दक्षिण बोलिव्हियात गोळा केलेल्या इपाएन्सिसचा जनुकसंच २०१६ साली उलगडला, तेव्हा तो भुईमुगातील आपल्या वाट्याशी ९९.९६ टक्के जुळला. स्थलांतर करणाऱ्या आदिमानवांनीच हे बी ड्युरानेन्सिसच्या प्रदेशात नेले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

४/ या जन्मातच एक उणीव दडलेली होती. ४० गुणसूत्रांच्या रोपाचा २० गुणसूत्रांच्या आप्तांशी सहज संकर होईना. शिवाय भुईमुगाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. उपट्या असो वा पसऱ्या, सारे वाण त्या तुटपुंज्या वारशातूनच घडले.

५/ १६ व्या शतकापासून युरोपीय जहाजांतून हे पीक आफ्रिका आणि आशियात पोहोचले. टिक्का आणि तांबेरा हे पानांवरील बुरशीजन्य रोग जगभर पसरले. त्यांना तोंड देईल अशी प्रबळ शक्ती लागवडीच्या वाणांत दुर्मीळ होती. ती रानात, वन्य आप्तांपाशी होती.

६/ १९६० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे शास्त्रज्ञांनी बोलिव्हियातील ॲराकिस कार्डेनासी या वन्य जातीशी भुईमुगाचा संकर केला. पहिली संतती ३० गुणसूत्रांची आणि वांझ निघाली. तिची गुणसूत्रे दुप्पट करून ६० केली. पुढे अनेक पिढ्यांनंतर ४० गुणसूत्रांची फळती रोपे हाती आली.

७/ या संकरांची संतती हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' संस्थेत आली. तेथील रोगप्रतिकारक वंशावळीतूनच पुढे धारवाडमध्ये टिक्का आणि तांबेऱ्याला दाद न देणारा 'जीपीबीडी ४' हा वाण तयार झाला.

८/ २०२१ च्या एका अभ्यासाने हा सारा प्रवास उलगडला. कार्डेनासीच्या एकाच नमुन्याचा वारसा आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिका खंडांतील वाणांत आढळला. बियाणे देशोदेशी हातोहात फिरत गेले. त्याची पूर्ण नोंद कुणीच ठेवली नव्हती.

९/ १९९२ च्या जैवविविधता करारानंतर प्रत्येक देशाचा आपल्या वनस्पतींवरील हक्क मान्य झाला. हे न्याय्यच होते. पण त्यापाठोपाठ आलेल्या निरनिराळ्या कायद्यांमुळे बियांची देवाणघेवाण अवघड झाली. उद्या एखादा नवा रोग आला, तर त्यावरचा उपाय कदाचित पुन्हा बोलिव्हियाच्या रानातच असेल. तो शेतापर्यंत पोहोचेल की नाही, हे आता रोपांइतकेच करारांवरही अवलंबून आहे.