नर्सिंग होमचं बाथरूम आणि १९४९ चा कायदा

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या तापाने एका नर्सिंग होममध्ये दाखल होती. ताप उतरला, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला. गुळगुळीत ओली फरशी, धरायला दांडी नाही, दाराला आतून कडी. कडी तोडून बाहेर काढलं, तर खुब्याचं हाड मोडलेलं. "वय झालं की असं होतंच," असं आम्हाला सांगण्यात आलं.

होतंच का? म्हणून जुना कायदा काढून वाचला.

रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ सालीच लिहून ठेवलंय. इंग्लंडने १९२७ मध्ये नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, मुंबई प्रांतानेही तसा कायदा केला. सरकारी भाषेत 'शुश्रूषागृह नोंदणी'. आज महाराष्ट्रात चालतो तो हाच.

आता नीट वाचा. नोंदणी कशावरून नाकारता येते? डॉक्टर-नर्सची पात्रता आहेच. पण जागा, बांधकाम, राहण्याची सोय, कर्मचारी, साहित्य यांपैकी कशात खोट असली तरी नाकारता येते. नोंदणी कायमची नसते, नूतनीकरण करावं लागतं. अधिकाऱ्याला आत जाऊन तपासायचा अधिकारही आहे. म्हणजे बाथरूमची फरशी ही मालकाची मर्जी नाही, कायद्याचा विषय आहे. ७५ वर्षांपासून!

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली. त्यानंतर 'फायर ऑडिट' हा शब्द गावोगाव पोचला. त्याच महिन्यात नर्सिंग होमचे नियमही सुधारले. दरफलक, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं, तक्रार निवारण कक्ष, हे सगळं त्यात आलं.

आगीची बातमी होते. बाथरूममध्ये म्हातारं माणूस एकेकटं पडतं, त्याची होत नाही. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, मीही कधी केली नाही. घरचं माणूस पडलं तेव्हा डोळे उघडले.

तुमचं कुणी दाखल असेल तर बिलाआधी बाथरूम बघा. दांडी आहे का, फरशी कोरडी आहे का, रात्री दिवा लागतो का, दार बाहेरून उघडता येतं का. नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आत्या अजून वॉकरवर आहे.