अरगट आणि अर्धशिशी

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. त्या गावच्या आमच्या घरात अर्धशिशी ही जणू वतनाने चालत आलेली. आजीला होती, आईला होती, मला आहे. आजी सूर्य उगवण्यापूर्वी दूध-जिलबी खाई, कपाळाला सुंठेचा लेप लावी आणि अंधाऱ्या खोलीत पडून राही. तिचा उपाय कधी लागू पडे, कधी पडत नसे. पण त्यापायी दुखणे वाढले असे कधी झाले नाही. माझ्या गोळीने मात्र तसे झाले. महिन्यातून दोनदा लागणारी गोळी दीड वर्षात एक दिवसाआड लागू लागली, आणि मग ती घेऊनही डोके उतरेना. ‘औषध अंगवळणी पडले,’ असे शेजारी म्हणत. हे कितपत खरे म्हणून मी त्या गोळीच्या कुळाचा शोध घेऊ लागलो, तो थेट आमच्याच मुलखातल्या बाजरीच्या शेतात येऊन पोहोचलो.

रोग जुनाच आहे. सुश्रुताने त्याला अर्धावभेदक म्हटले असून तो दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उठतो, असे नोंदविले आहे. माझ्या गोळीतील एर्गोटामीन मात्र अलीकडचे. युरोपात राय नावाच्या धान्यावर एक बुरशी पडते; दाण्याच्या जागी काळपट, वाकडे शिंग उगवते. कोंबड्याच्या पायाच्या आरीसारखे दिसते म्हणून फ्रेंचांनी त्याला अरगट म्हटले. मध्ययुगात असल्या पिठाची भाकरी खाणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या आवळत, बोटे काळी पडून झडत. ‘संत अँटनीचा अग्नी’ तो हाच. १९१८ साली आर्थर श्टोल यांनी स्वित्झर्लंडातील बाझेल येथे सांडोझ कंपनीत या अरगटातून एर्गोटामीन वेगळे काढले. १९३८ साली ग्रॅहॅम आणि वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले, की ते टोचल्यावर कानशिलावरील धमनीचे ठोके मंदावतात आणि त्याबरोबर वेदनाही ओसरते. (केवळ रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवून हा रोग उलगडत नाही, हे पुढे कळले, पण ते असो.)

या यशाला तेरा वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली, मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी दुसरी बाजू मांडली. हे औषध वरचेवर घेणाऱ्यांचे डोके औषधामुळेच दुखत राहते, आणि ते बंद करताच आधी अधिक उसळते. म्हणजे शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे होते. औषध अंगवळणी पडले एवढेच नव्हे, ते स्वतःच रोग होऊन बसले होते.

आता बाजरी. १९५६ साली त्या वेळच्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे १९६० पासून ज्याला आपण सांगली म्हणतो तेथे, बाजरीवर अरगटाची साथ आली. भिडे आणि हेगडे यांनी १९५७ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. कणसांतून मधासारखा चिकट द्रव पाझरे आणि दाण्यांच्या जागी काळे खडे धरत. असल्या बाजरीची भाकरी खाऊन त्या सुमारास मुंबई राज्याच्या दक्षिण भागात माणसे आजारी पडली. मळमळ, वांती, घेरी, गुंगी. बोटे कोणाची झडली नाहीत, कारण बाजरीवरची बुरशी रायवरच्या बुरशीची चुलत बहीण. तिची विषे निराळी आहेत. शेतकऱ्यांना सांगितलेला उपाय साधा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे आणि त्यात बियाणे ओतावे; हलके अरगट वर तरंगते, ते काढून टाकावे आणि तळचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे.

माझ्या डोक्याला इतका सोपा उपाय नव्हता. कराडच्या डॉक्टरांनी प्रथम एक वही घालायला लावली. दुखण्याचा दिवस, गोळीची वेळ, सगळे त्यात लिहायचे. त्यांचा हिशेब असा: एर्गोटामीन, नंतर आलेली ट्रिप्टान वर्गातील औषधे आणि मिश्र वेदनाशामके महिन्यात दहा दिवस, साधे पॅरासिटामॉल वा अ‍ॅस्पिरिन पंधरा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की औषधावरच संशय घ्यावा. वहीतून आणखी एक उघड झाले. ‘बघू, थांबेल’ म्हणत मी गोळी फार उशिरा घेई. झटक्यात पोट मंदावते, गोळी आत तशीच पडून राहते, आणि आपण म्हणतो गुण येत नाही!

गोळी सोडली, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. त्याऐवजी झटकाच येऊ नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल रोज सुरू केले. ते मूळचे हृदयाचे औषध. त्याने अर्धशिशीही आवरते, हे १९६६ साली हृदयरोग्यांवरील उपचारांत अवचित दिसले. दमा असणाऱ्याने मात्र ते घेऊ नये. पहिले नऊ दिवस मी खिडक्या लावून, ओकाऱ्या काढीत, आजीच्याच खोलीत पडून होतो. दोनदा पत्नीकडे गोळी मागितली. तिने दिली नाही. दहाव्या दिवशी दुपारी उठून चहा घेतला आणि तारळीच्या घाटापर्यंत चालत जाऊन आलो.

गेल्या आश्विनाच्या पानावर वहीत दुखण्याच्या तीन खुणा आहेत.