ऊसतोड कुटुंबांतील मुले : वयोगट आणि सोयी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे स्थलांतर हे एकट्यादुकट्याचे नसून संपूर्ण कुटुंबाचे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी यांसारख्या तालुक्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास ती परततात. या कामात पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या श्रमातूनच फिटत असल्याने आईला मुलांसाठी गावी थांबता येत नाही. त्यामुळे मुलांना बरोबर न्यावे की मागे ठेवावे, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. कायदे व शासकीय योजना त्याचे उत्तर मुलांच्या वयोगटानुसार देतात.

जन्म ते सहा वर्षे

या गटाची जबाबदारी मुख्यतः अंगणवाडीवर आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरपोच आहार, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत शिजवलेला आहार व शालापूर्व शिक्षण मिळते. लसीकरण आणि वजनाची नोंदही तेथेच होते. अडचण अशी, की मुलाची नोंद गावात असते आणि मूल उसाच्या फडावर असते. तोडीची जागा बदलली की कोपीही हलते व जवळची अंगणवाडी पुन्हा दूर राहते. १९४८च्या कारखाने कायद्याने तीसपेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती. परंतु ऊसतोड मजूर मुकादमामार्फत येत असल्याने ते कारखान्याच्या पटावर नसत आणि हा लाभ त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचला नाही.

सहा ते चौदा वर्षे

कायद्याचे सर्वाधिक पाठबळ याच गटाला आहे. २००९चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही.

मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांचा उपाय योजण्यात आला. आई-वडील बाहेरगावी असताना मुलांच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. पुष्कळ ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. दुसरा मार्ग कारखान्याच्या परिसरातील साखरशाळांचा. मात्र तेथे गावातील शाळेचा अभ्यासक्रम मध्येच तुटतो व फड हलला की शाळाही सुटते.

चौदा ते अठरा वर्षे

चौदा वर्षे पूर्ण होताच शिक्षणहक्काचे कवच संपते आणि त्याच वेळी मुलाचे हात कामाला येऊ लागतात. मुलींच्या बाबतीत मागे एकटी ठेवण्याची भीती आई-वडिलांना विवाहाकडे वळवते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे ४४ टक्के महिलांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. या गटाच्या दृष्टीने २०२१ साली राज्य शासनाने मंजूर केलेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना महत्त्वाची आहे. तीत ४१ तालुक्यांत मुले व मुलींसाठी स्वतंत्र अशी एकूण ८२ वसतिगृहे आखण्यात आली. प्रत्येकाची क्षमता १०० विद्यार्थ्यांची ठरली.

गट वेगळे, घर एक

कागदावर हे तीन गट स्वतंत्र दिसतात. कोपीत मात्र ते एकमेकांना बांधलेले असतात. फडावर तान्ह्या मुलाला सांभाळणारे कोणी नसते, म्हणून आठ-दहा वर्षांच्या बहिणीला शाळा सोडून बरोबर नेले जाते. लहानग्याची सोय न झाल्याची किंमत अशा प्रकारे मोठ्या मुलीचे शिक्षण मोजते आणि शाळा सुटलेली तीच मुलगी पुढे लवकर विवाहाच्या उंबरठ्यावर उभी राहते. हंगामी वसतिगृहात सहा वर्षांवरील मुलीला जागा असली, तरी फडावर पाळणाघर नसेल तर ती जागा रिकामीच राहण्याचा धोका असतो. म्हणून वयोगटनिहाय योजनांचे यश सर्वांत लहान गटाच्या सोयीवर अवलंबून आहे.

गाव सोडण्यापूर्वी पालकांनी बाळाचे लसीकरण कार्ड बरोबर घेणे, अंगणवाडी सेविकेला व शाळेला स्थलांतराची माहिती देणे आणि मूल मागे राहणार असल्यास हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांकडे वेळीच नाव नोंदवणे हिताचे ठरते.