गायतोंडे यांच्या चित्रांचे मोल

मुंबईतील ताजमहाल हॉटेलात १९ डिसेंबर २०१३ रोजी ‘ख्रिस्तीज’ या संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ मधील अमूर्त चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. चित्राला शीर्षक नव्हते.

मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरला झाला. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. पुढे आकृतीचा त्याग करून रोलर व सुरीच्या साहाय्याने ते रंगांचे थर चढवीत आणि खरवडीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. ही दुर्मिळताही त्यांच्या चित्रांच्या चढत्या किमतीचे एक कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सॅफ्रनआर्ट’च्या लिलावात त्यांच्या १९७० मधील चित्राला ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले.

गायतोंडे यांचे निधन मात्र २००१ मध्येच झाले होते. लिलावाची रक्कम मुख्यतः चित्राच्या तत्कालीन मालकाकडे जाते. मूळ चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला अथवा त्याच्या वारसांना वाटा देण्याची तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात झाली. परंतु हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.